न सापडलेल्या गोष्टीची सायटेशन्स

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, विहारामागच्या चाळीत आमची एक खोली होती. त्यातली अर्धी जीन्सने भरलेली. आई धागा कटिंग करायची. म्हणजे शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे दोरे कापायचे, खिसे उलटून बघायचे, गठ्ठे बांधून परत पाठवायचे. कापडाचा निळा भुगा डाळीत पडायचा. पप्पा वॉशच्या कारखान्यात होते. नवी पँट जुनी दिसावी म्हणून ती केमिकलमध्ये घुसळतात, ते काम. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे, म्हणून शाळेत पालकसभेला ते भर उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचा शर्ट घालून यायचे.

मी अकरावीला असताना ते कारखाने बंद झाले. पाणी खराब होतं म्हणून बंद झाले, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं. नाल्याचा रंग रोज वेगळा असायचा. पण वॉश बंद म्हणजे शिलाई बंद, शिलाई बंद म्हणजे धागा कटिंगही बंद. दोघांचंही काम एकाच आठवड्यात गेलं. सात महिने आम्ही सकाळी चहा-पाव आणि संध्याकाळी एकदा जेवण असे काढले. प्रॅक्टिकलचं जर्नल घेणं जमलं नाही, तर मी मागच्या वर्षीच्या मुलींच्या वह्यांतली कोरी पानं जमवली आणि आईने ती जीन्सच्या दोऱ्याने शिवून दिली. सरांनी वर्गासमोर उचलून विचारलं, "ही कसली वही?" मी म्हणाले, "घरी बांधलीय." त्यांनी सही केली.

मी आमच्या दोन्हीकडच्या घरांतली पहिली ग्रॅज्युएट. हे मी लाजत सांगत नाही आणि कुणी टाळ्या वाजवाव्यात म्हणूनही नाही. बी.एस्सी. उल्हासनगरातच केलं, पुढे एम.एस्सी., मग पीएच.डी., दोन वर्षं परदेशात, आणि परत आल्यावर मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पाच वर्षांच्या करारावर लागले. आम्ही बदलापूरला मांजर्लीत भाड्याने राहायला आलो. पहिला मजला मुद्दाम घेतला, कारण जास्त पाऊस झाला की तिथे तळमजल्यावर नदी येते.

माझा विषय डार्क मॅटर. ताऱ्यांच्या, आकाशगंगांच्या चालीवरून कळतं की विश्वात जेवढं दिसतं त्याहून कितीतरी जास्त काहीतरी आहे, जे दिसत नाही. ते कशाचं बनलंय हे अजून कुणालाही माहीत नाही. आमचा दीडशेवर माणसांचा गट आहे, वेगवेगळ्या देशांतला. डोंगराच्या पोटात एक यंत्र बसवलंय. त्यात त्या न दिसणाऱ्या द्रव्याचा एखादा कण येऊन आपटला, तर बारीकसा ठोका उमटेल, अशी आशा. आजपर्यंत तसा ठोका उमटलेला नाही. आम्ही पेपर लिहितो तो असा: इतके दिवस बघितलं, इतकं बारीक बघितलं, सापडलं नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. म्हणाली, "दीडशे माणसं मिळून शोधताय आणि मिळत नाही? माझी सुई हरवली तर मी एकटी शोधते."

"सुई कशी दिसते ते तुला माहितीय, आई."

"मग तुम्हाला नाही माहीत?"

"नाही."

"चांगलंय," ती म्हणाली आणि काड्या बाजूला सारल्या.

करार संपायला आठ महिने उरले असताना संस्थेत माझ्या विषयात एक कायमची जागा निघाली. ती मिळाली तर निवृत्तीपर्यंत प्रश्न मिटला. नाही मिळाली तर वयाच्या सदतिसाव्या वर्षी पुन्हा नव्याने अर्ज करत फिरायचं, तेही बहुतेक परदेशात. पप्पांना एकदा हलका अटॅक येऊन गेला होता, त्यांना सोडून मी जाणार नव्हते. म्हणजे ही जागा गेली तर माझं फिजिक्स गेलं. मी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

अर्जात आजवरचे सगळे पेपर द्यायचे होते, आणि प्रत्येकापुढे सायटेशन्स. म्हणजे जगात दुसऱ्या कुणी आपल्या पेपरमध्ये तुमच्या पेपरचा उल्लेख किती वेळा केला, तो आकडा. माझी बेरीज चार अंकी होती. ऐकायला भारी वाटतं. पण ते बहुतेक सगळे गटाचे पेपर. दीडशे नावं, आडनावांच्या क्रमाने, त्यात माझं कुठेतरी शेवटच्या रांगेत. मी स्वतः पहिलं नाव टाकून लिहिलेले पेपर फक्त दोन, आणि त्यांची सायटेशन्स दोन्ही मिळून चौसष्ट. निवड करणारे लोक दूधखुळे नसतात. ते बेरीज बघत नाहीत, त्यातलं तुझं काय ते विचारतात.

एका रविवारी मी हे सगळं मोबाइलवर तपासत बसले होते. पप्पा शेजारी येऊन बसले. त्यांना इंग्रजी येत नाही, आकडे येतात.

"हा मोठा आकडा कसला?"

"माझ्या कामाचा उल्लेख किती वेळा झाला, त्याचा."

"एवढ्या वेळा?" त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं. मग म्हणाले, "चांगलं बोलतात का वाईट?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "ते ह्यात कळत नाही," मी म्हणाले. "नाव घेतलं की एक धरतात. शिवी दिली तरी एक."

"अजब आहे," पप्पा म्हणाले. "पण ह्याची एक प्रिंट दे मला."

मी दिली. मला वाटलं, जपून ठेवतील. त्यांनी ती घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि दुसऱ्याच दिवशी कॅम्प पाचला जुन्या लोकांना भेटायला गेले.

मुलाखतीची तारीख आली. नऊ दिवस उरले असताना दुपारी संस्थेच्या कँटीनमध्ये हिशोब विभागातले एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. ते अंबरनाथहून येतात. "मॅडम, अभिनंदन," म्हणाले आणि मोबाइल पुढे केला. "आमच्या ग्रुपवर आलंय. तुम्हीच ना ह्या?"

फोटोत एक फ्लेक्स होता. कॅम्प पाचचा नाका, आणि कमानीएवढा फ्लेक्स. मधोमध माझा पासपोर्टचा फोटो, इतका मोठा केलेला की नाकाचे चौकोन चौकोन दिसत होते. डावीकडे हात जोडलेले तिथल्या मंडळाचे अध्यक्ष, उजवीकडे त्यांचे नेते, खाली शुभेच्छुक म्हणून वीस-बावीस गोल चेहरे. आणि वर लाल अक्षरांत: "संपूर्ण विश्वाला न सापडलेलं डार्क मॅटर आपल्या कॅम्पच्या कन्येला सापडलं! हजारो शास्त्रज्ञांनी दिली साक्ष!"

ते गृहस्थ हसत उभे होते. मी म्हणाले, "हो, मीच," आणि डबा न संपवता उठले.

भीती कशाची ते सांगते. आमच्या गटात एक नियम फार कडक आहे. निकालाबद्दल बाहेर कुणी एकट्याने काही जाहीर करायचं नाही. जे बोलायचं ते सगळ्यांची संमती घेऊन, गटप्रमुखाच्या तोंडून. हा नियम मोडला म्हणून आमच्याकडे एकाचं नाव पेपरांवरून दोन वर्षं काढून ठेवलं होतं, आणि त्याने फक्त एका भाषणात एक आलेख आधी दाखवला होता. इथे तर मला डार्क मॅटर सापडलं होतं, नाक्यावर, नेत्यांच्या फोटोसकट. निवड समितीत बाहेरचे दोन तज्ज्ञ येणार होते. त्यातल्या एकाने जरी हे बघितलं, तर बाई स्वतःची खोटी जाहिरात करते असं होणार. मग चौसष्ट काय आणि चार अंकी काय.

घरी आल्यावर पप्पांना विचारलं.

"फ्लेक्स कुणी लावला?"

"मंडळाने. बघितलास? मी तुला शनिवारी नेऊन दाखवणार होतो."

"पप्पा, मला काही सापडलेलं नाही."

ते म्हणाले, "मी सापडलं असं नाही बोललो. मी प्रिंट दाखवली. अध्यक्षाने विचारलं विषय काय, मी डार्क मॅटर बोललो. त्याने मोबाइलवर बघितलं. त्यात लिहिलेलं, कुणालाच माहीत नाही ते काय आहे. मग तो बोलला, मामा, एवढी दुनिया तुमच्या पोरीचं नाव घेते, ती काय उगाच? हिला सापडलं असणार." पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "मला पण ते बरोबर वाटलं. ज्याला काही सापडलं नाही त्याचं नाव कोण घेतं?"

मला रागावता येईना. आमच्या भागात कुणाचं नाव हजारदा निघतं ते काहीतरी केल्यावरच. नाही मिळालं, हे छापून आणता येतं, आणि त्यावर लोक वर्षानुवर्षं बोलतात, हे त्यांना कुठून कळणार?

"तो काढायला लावा," मी म्हणाले.

"काढायला?" पप्पांचा चेहरा उतरला. "त्यावर साहेबांचा फोटो आहे. फोटोवाला फ्लेक्स मुदतीआधी उतरवला तर कुणीतरी फाडला असा अर्थ निघतो. भांडणं होतील. आणि मी कुठल्या तोंडाने सांगू, की माझ्या पोरीला..."

शनिवारी मीच गेले. पप्पाही आले. फ्लेक्सचं दुकान नाक्यावरच, एका सिंधी काकांचं. ते स्वतःच कॉम्प्युटरवर बसतात. मला बघून खुर्ची पुसली. "आओ बेटा, बैठो. फोटो जरा फट गया, छोटा था ना. पण चेहरा एकदम ब्राइट केला मी."

अध्यक्ष पाच मिनिटांत आले. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, लहानपणी आमच्याच चाळीत क्रिकेट खेळायचा. आता पांढरा शर्ट, गळ्यात चेन.

"ताई, आवडला का फ्लेक्स?"

"फ्लेक्स चांगला आहे. मजकूर खोटा आहे."

"खोटा म्हणजे?"

"मला डार्क मॅटर सापडलेलं नाही. कुणालाच सापडलेलं नाही."

त्याने पप्पांकडे बघितलं, मग सिंधी काकांकडे. "मग ते हजारो शास्त्रज्ञ?"

"ते म्हणतात की ह्यांनी शोधलं आणि ह्यांना मिळालं नाही."

"एवढे लोक हेच बोलतात?"

"हेच."

सिंधी काका हसले. "अरे, ये तो इज्जत का फालूदा हुआ. हजार आदमी बोल रहा है नहीं मिला."

अध्यक्ष हसला नाही. तो खरंच गोंधळला होता. "ताई, राग मानू नका. मग सत्कार कशाचा करायचा?"

मुलाखतीत हाच प्रश्न येणार होता, जरा सभ्य शब्दांत. तेवढ्यात पप्पा बोलले. वॉश बंद पडल्यावर ते काही वर्षं पाणीपुरवठ्याच्या ठेकेदाराकडे खोदाईला होते.

"पाइपलाइन कुठे लीक आहे ते सापडत नाही तेव्हा काय करतो आपण? इथे खोदतो, कोरडं लागलं की खडूने फुली मारतो आणि पुढे जातो. फुली नाही मारली तर दुसऱ्या पाळीचा माणूस परत तिथंच खोदतो. हिचं काम फुलीचं आहे." मग माझ्याकडे वळून, जरा घाबरत, "बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

अध्यक्षाने मान हलवली, पण फ्लेक्स उतरवायला तो तयार नव्हता. शेवटी तोडगा सिंधी काकांनी काढला. इथे आघाडी बदलली की फ्लेक्सवरच्या फोटोवर दुसऱ्याचा फोटो चिकटवतात, ते त्यांचं नेहमीचं काम. तशीच एक पट्टी लाल ओळीवर लावायची. मजकूर मी सांगितला, अध्यक्षाने त्यात स्वतःचं घातलं, आणि तासाभरात शिडी लावून पट्टी चढली: "डार्क मॅटरच्या संशोधनात कार्यरत आपल्या कॅम्पची कन्या. डार्क मॅटर अजून सापडलेलं नाही. काम चालू आहे."

खालून जाणारा एक रिक्षावाला थांबून वाचत होता. म्हणाला, "काय सापडलं नाही? पाणी?"

पट्टी लागली तरी आधीचा फोटो मोबाइलांवर फिरतच होता. तो मागे घेता येत नाही. घरी येऊन मी गटप्रमुखांना मेल लिहिली. काय झालं, कुणी केलं, मी काय केलं, दोन्ही फोटो, आणि मराठीचं भाषांतर. पप्पांनी केलं, असंही लिहिलं. ती लपवायची गोष्ट नव्हती. उत्तर आलं नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. मी दर दहा मिनिटांनी मेल बघत होते. आई म्हणाली, "तो डबा किती वेळा उघडशील? त्यात काय शिजत नाहीये."

त्या दोन दिवसांत मला झोपेपेक्षा काम बरं वाटलं. मी चौसष्टच्या चौसष्ट पेपर उतरवून घेतले आणि पप्पांचा प्रश्न प्रत्येकाला विचारला: चांगलं बोलतोय का वाईट? असं कुणी करत नाही. आकडा लिहितात आणि पुढे जातात. मी एकेक वाचून कागदावर तीन रकाने केले. एकतीस जणांनी नुसतं नाव घेतलं होतं, आधी ह्यांनीही बघितलं म्हणून. दहा जणांनी, आम्ही ह्यांच्यापेक्षा बारीक बघितलं, हे सांगायला घेतलं होतं. आमच्या क्षेत्रात मोठा उल्लेख मिळतो तो असा, मागे टाकलं म्हणून. पण बावीस जणांनी माझी यादी वापरली होती.

ती यादी म्हणजे माझ्या दुसऱ्या पेपरचं परिशिष्ट. यंत्राचे स्क्रू, केबल, नळ्या, डिंक, हे सगळे स्वतःच बारीकसे किरण सोडतात, आणि त्यांचे खोटे ठोके उमटतात. कुठल्या भागाचे किती, ते मी दीड वर्ष बसून मोजलं होतं. लोक आपलं यंत्र बांधण्याआधी ती यादी बघत होते. मला हे माहीतच नव्हतं. मी ते परिशिष्ट कंटाळवाणं म्हणून अर्जात लिहिलंही नव्हतं.

आणि एक चौसष्टावा होता. त्याने लिहिलं होतं की माझ्या यादीतला एका केबलचा आकडा चुकीचा आहे. मी माझ्या जुन्या नोंदी काढल्या आणि पुन्हा हिशोब केला. त्याचं बरोबर होतं. निकाल बदलत नव्हता, पण आकडा चुकला होता. मुलाखतीला दोन दिवस असताना मी दुरुस्तीची टीप मासिकाला पाठवली. पाठवल्यावर वाटलं, आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

मंगळवारी गटप्रमुखांची मेल आली. दोन ओळी. आधी कळवलंत ते बरं केलंत, विषय संपला, पुढच्या वेळी घरच्यांना नियम समजावून सांगा. मी ती बाथरूममध्ये जाऊन चार वेळा वाचली.

मुलाखत बुधवारी अकरा वाजता होती. सात जण समोर. बाहेरून आलेल्या एका बाईंनी माझी यादी उलटीपालटी करून विचारलं, "ह्या चार अंकी आकड्यातलं तुमचं किती?"

मी म्हणाले, "चौसष्ट." आणि मग ती चौसष्टांची विभागणी सांगितली. किती जणांनी नुसतं नाव घेतलं, किती जण पुढे गेले, किती जण माझी यादी वापरतात, आणि एकाने चूक दाखवली ती कुठली. दुरुस्ती परवा पाठवली, हेही. बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही हे सगळे वाचले?"

"वाचले."

त्यांनी त्या केबलबद्दल वीस मिनिटं विचारलं. उत्तरं येत होती, कारण ती केबल मी हातात धरलेली होती.

शेवटी संस्थेतलेच एक ज्येष्ठ, आतापर्यंत गप्प बसलेले, मराठीत म्हणाले, "एक फ्लेक्स माझ्या बघण्यात आला. तो तुम्ही लावला होता का?"

खोलीत दोघांनाच मराठी कळत होतं. बाकीचे आमच्या तोंडाकडे बघत होते.

"माझ्या वडिलांच्या ओळखीच्या लोकांनी लावला," मी म्हणाले. "त्यावरचं विधान चुकीचं होतं. मी जाऊन बदलून घेतलं आणि गटाला कळवलं. वडिलांना दोष देणार नाही. त्यांनी आकडा बघितला आणि तो मोठा होता."

ते म्हणाले, "ठीक आहे," आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. घरी येईपर्यंत मी ते वाईटच धरून चालले होते, आणि त्यानंतरचे पाच आठवडेही. पप्पा रोज संध्याकाळी विचारायचे, "काही आलं?" मी नाही म्हणायचे. मग ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे. त्यांनी त्या काळात कॅम्प पाचला जायचं बंद केलं होतं.

सहाव्या आठवड्यात पत्र आलं. माझी निवड झाली होती. जुलैच्या पहिल्या तारखेला मी त्या संस्थेत कायमची रुजू झाले.